पित्ताची वाट

काही वर्षांपूर्वी दिघीतल्या माझ्या दवाखान्यात एक काकू आपला कुत्रा घेऊन आल्या. सोबत प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेले फरशी पुसायचे फडके होते. "डॉक्टर, याची लघवी पुसली की फडक्याला हळदीसारखा डाग पडतोय. दोनदा धुतलं, जात नाही." कुत्र्याचे नाव मोती. अकरा वर्षांचा, तांबूस रंगाचा गावठी. काकूंचे यजमान भोसरीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले, मुलगा चाकणला पाळीत कामाला. मोती दिवसभर काकूंच्या पायात. तीन आठवड्यांपासून त्याचे खाणे सुटत चालले होते. त्या तीन आठवड्यांत त्याला गोचीड तापाची इंजेक्शने झाली होती, लिव्हरचे टॉनिक चालू होते आणि शेजारणीने सांगितले म्हणून रोज वाटीभर उसाचा रसही.

ट्यूबलाइटच्या उजेडात फिकट पिवळा रंग नीट कळत नाही. मी मोतीला उचलून दाराबाहेर उन्हात नेले आणि वरचा ओठ वर केला. हिरड्या पिवळ्या. कानाची आतली बाजू, डोळ्यांतला पांढरा भाग, पोटाखालची केस नसलेली कातडी, सगळीकडे तोच रंग. "शी कशी होते?" काकू जरा थांबल्या, मग म्हणाल्या, "गणपतीच्या मातीसारखी."

शाडूच्या रंगाची विष्ठा. त्या दोन शब्दांत निदानाचा अर्धा भाग येऊन गेला. विष्ठेचा तपकिरी रंग पित्तातून येतो. लघवी हळदीसारखी आणि विष्ठा शाडूसारखी, याचा अर्थ पित्त तयार होते आहे, पण आतड्यात पोहोचत नाही. वाट अडली आहे आणि ते उलटे रक्तात शिरते आहे. दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी झाली. पित्ताशय तट्ट फुगलेले, पित्तनलिका रुंदावलेली, आणि ती लहान आतड्यात जिथे उघडते तिथेच भिंतीत सुपारीएवढी गाठ.

हे पुस्तक त्या गाठीविषयी आहे, आणि वाया गेलेल्या त्या तीन आठवड्यांविषयीही. कुत्र्यांच्या जठर-आतड्यांतले ट्यूमर आणि पित्तनलिकेचा अडथळा हे दोन विषय लेखकांनी एकत्र का घेतले, असा प्रश्न पुस्तक हातात घेताच पडेल. त्याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे.

यकृत रात्रंदिवस पित्त तयार करते. ते पित्ताशयात साठते, तिथे पाणी शोषले जाऊन घट्ट होते, आणि जेवण, विशेषतः स्निग्ध जेवण, लहान आतड्यात उतरले की पित्ताशय आकसून ते पुढे ढकलते. कुत्र्यात ही मुख्य पित्तनलिका जठराच्या खालच्या दारापासून काही सेंटिमीटरवर, लहान आतड्याच्या पहिल्या वळणात, एका छोट्या उंचवट्यावर उघडते. त्याच उंचवट्यावर शेजारी स्वादुपिंडाची एक बारीक नळी उघडते. स्वादुपिंडाची मोठी नळी कुत्र्यात थोडी पुढे, वेगळ्या जागी. मांजरात मात्र पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी एकत्र येऊनच आतड्यात शिरतात. घोड्याला पित्ताशय नसतेच. गाईला असते, आणि तिच्या पित्ताशयात होणारा खडा म्हणजे आपल्या जुन्या वैद्यांचे गोरोचन. प्राण्याप्राण्यांत हा भाग इतका बदलतो, म्हणून माणसाच्या पुस्तकातून कुत्र्याचे पोट वाचता येत नाही.

कुत्र्याची पित्तनलिका ज्या भागातून जाते तिथे जागा फार थोडी आहे. एका बाजूला जठराचे दार, दुसऱ्या बाजूला स्वादुपिंडाचा उजवा भाग, वर यकृत, मध्ये लसीकाग्रंथी. यांपैकी कुणीही सुजले, वाढले किंवा ओढले गेले की नळी दाबली जाते. म्हणून आतड्यातल्या गाठीची पहिली खबर कधी कधी उलटी किंवा जुलाबाने येत नाही, काविळीने येते. आणि म्हणूनच कावीळ झालेल्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या आतड्याकडे पाहिलेच पाहिजे.

काविळीला तीन दारे आहेत. पहिले रक्ताचे. तांबड्या पेशी भराभर फुटल्या की त्यांतले रंगद्रव्य यकृताला आवरत नाही. आपल्या पट्ट्यात याचे नेहमीचे कारण गोचीड. दिघी-कळसच्या लष्करी कुंपणांची झुडपे, इंद्रायणीकाठचे गवत, बांधकामावरच्या मोकळ्या जागा, आणि घरात आली की भिंतीच्या फटी. गोचिडाला बारा महिने आसरा मिळतो, आणि त्याच्यामार्फत बबेसिया हा परजीवी रक्तात शिरतो. दुसरे दार यकृताचे स्वतःचे: पावसाळ्यात उंदरांच्या लघवीतून पसरणारा लेप्टोस्पायरा, विषाणूंची कावीळ, औषधांचा मारा. तिसरे दार यकृताच्या पुढचे, म्हणजे अडलेली वाट. पहिल्या दारातून आलेल्या कुत्र्याच्या हिरड्या पिवळ्या असतातच, पण त्याआधी पांढऱ्याफटक असतात. त्याची विष्ठा उलट गडद होते. तिसऱ्या दारातल्या कुत्र्याची विष्ठा फिकी होते आणि रक्त बराच काळ ठीक राहते. हा फरक यंत्राशिवाय, ओठ उचलून आणि घरच्या बाईला एक प्रश्न विचारून निम्मा कळतो. आमच्याकडे गोचीड ताप इतका नित्याचा झाला आहे की पिवळा कुत्रा दिसला की हात आपोआप त्या इंजेक्शनकडे जातो. माझाही गेला आहे. एकदा नाही, अनेकदा.

इथे लघवीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण रिपोर्ट हातात घेऊन घाबरलेली माणसे रोज येतात. कुत्र्याच्या मूत्रपिंडातून हे पिवळे रंगद्रव्य सहज बाहेर पडते, इतकेच नव्हे तर कुत्र्याचे मूत्रपिंड स्वतःही त्यावर थोडी प्रक्रिया करते. त्यामुळे निरोगी नर कुत्र्याच्या घट्ट लघवीत ते किंचित सापडणे हा आजार नव्हे. फडक्यावर न जाणारा डाग पडणे ही वेगळी गोष्ट.

वाट अडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण ट्यूमर नाहीच. ते आहे स्वादुपिंडाची सूज. आळंदी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. ज्ञानेश्वर माउलींची पालखी पुण्याकडे जाताना दिघीवरूनच जाते, आणि दिंडीबरोबर चार-दोन कुत्री चालत असतात हे मी दर वर्षी पाहतो. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव या वाटेवर सगळ्यांना ठाऊक आहेत; दत्तगडावर दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेतच. कुत्र्याला खाऊ घालणे ही इथल्या माणसाची श्रद्धा आहे आणि मी तिच्या आड येणार नाही. कुत्र्याला तूप पचत नाही असे लोक म्हणतात, तेही पूर्ण खरे नाही. निरोगी कुत्रा स्निग्ध अन्न बऱ्यापैकी पचवतो. पण स्थूल, वयस्क, घरात बसून असलेल्या कुत्र्याला सणाच्या दिवशी अचानक मटणाची चरबी, तळणीतला गाळ किंवा बासुंदीचे पातेले मिळाले की स्वादुपिंड भडकते, सुजते आणि शेजारून जाणारी पित्तनलिका दाबून टाकते. असा अडथळा पुष्कळदा सूज उतरली की आपोआप सुटतो. पोट न उघडता, सलाईन, वेदनाशामक आणि धीर यांवर. हे माहीत नसल्याने घाईने झालेली ऑपरेशनेही मी पाहिली आहेत.

दुसरे कारण गेल्या काही दशकांत जगभर ठळक झाले: पित्ताशयात पित्ताऐवजी घट्ट, चिकट, खळीसारखा पदार्थ साठत जाणे. त्याला म्यूकोसील म्हणतात. सोनोग्राफीत ते कापलेल्या किवी फळासारखे दिसते, कडेला किरणांसारख्या रेषा. शेटलँड शीपडॉग, कॉकर स्पॅनियल, मिनिएचर श्नाउझर अशा जातींत ते जास्त आढळते, आणि आमच्याकडच्या फ्लॅटमध्ये जागोजागी दिसणाऱ्या पॉमेरेनियनमध्येही. थायरॉइड मंदावलेल्या किंवा अधिवृक्क ग्रंथी अति चालणाऱ्या कुत्र्यांत त्याचे प्रमाण अधिक. एके दिवशी असे पित्ताशय फुटते आणि पित्त पोटभर पसरते. त्यानंतर तासांचा हिशेब सुरू होतो.

आणि तिसरे कारण गाठ. पित्तनलिकेची, स्वादुपिंडाची, किंवा आतड्याच्या त्या पहिल्या वळणाची.

आता गाठींकडे. जठराचा कर्करोग कुत्र्यात तसा विरळा. कुत्र्यांच्या सर्व घातक गाठींत त्याचा वाटा शंभरात एकाहूनही कमी धरला जातो. पण होतो तेव्हा बहुधा जठराच्या खालच्या भागात, भिंतीत शिरून पसरणारा, आणि कळेपर्यंत उशीर झालेला. बेल्जियन शेफर्ड, रफ कोली, चाऊचाऊ यांत तो अधिक दिसतो. आतड्यात लिम्फोमा आणि अॅडिनोकार्सिनोमा ही दोन मोठी घराणी. स्नायूच्या थरातून उगवणाऱ्या गाठी आंधळ्या आतड्यात आणि आसपास सापडतात. त्या कधी फुटबॉलएवढ्या वाढतात तरी कुत्रा शेपटी हलवत येतो, आणि कधी लहान असूनही रक्तातली साखर इतकी खाली आणतात की मालक आकडी आली म्हणून धावत येतो. गुदाशयातल्या कोंबासारख्या गाठींतून रक्त येते. त्या पुष्कळदा सौम्य निघतात आणि काढल्या की कुत्रा वर्षानुवर्षे जगतो. जपानमध्ये जॅक रसेल टेरियर जातीत आतड्यात असे कोंब येण्याची आनुवंशिक प्रवृत्ती सापडली आणि तिचे मूळ माणसातल्या तशाच आजाराला कारण होणाऱ्या जनुकात निघाले, ही या क्षेत्रातली अलीकडची मोठी गोष्ट.

घरच्या माणसाला हे सारे कसे दिसते? मे महिन्यात तीन वर्षांचा धडधाकट कुत्रा सकाळपासून उलट्या करत असेल तर मी आधी आंब्याची कोय शोधतो. दहा वर्षांचा कुत्रा दोन महिन्यांत हळूहळू वाळत असेल, आठवड्यातून दोनदा ओकत असेल, पाठीचा कणा हाताला लागू लागला असेल, शी कधी डांबरासारखी काळी होत असेल, तर कोय नव्हे, गाठ शोधायची. काळी चिकट शी म्हणजे वरच्या आतड्यात किंवा जठरात रक्त झिरपते आहे. पाय दुखतो म्हणून घरातल्या डब्यातली माणसाची वेदनाशामक गोळी दिली असेल तर त्यानेही तसेच व्रण पडतात. म्हणून खरे काय दिले ते डॉक्टरांना सांगावे, त्यात लाज बाळगू नये.

या ज्ञानाचा इतिहास पाहताना मला नेहमी एक ऋण आठवते. माणसाचे पचन आपल्याला कळले ते फार मोठ्या प्रमाणात कुत्र्याच्या पोटातून. क्ष-किरणांचा शोध लागून जेमतेम वर्ष झाले होते, तेव्हा १८९६ च्या डिसेंबरात हार्वर्डमधला वॉल्टर कॅनन हा वैद्यकाचा विद्यार्थी कुत्र्याने गिळलेले बटण अन्ननलिकेतून खाली जाताना पाहत होता. पाव्हलॉव्हला १९०४ चे नोबेल मिळाले ते घंटेसाठी नव्हे, पचनाच्या अभ्यासासाठी. आणि तो अभ्यास कुत्र्यांवरचा. १९२० च्या दशकात अमेरिकेत मेयो क्लिनिकशी संबंधित फ्रँक मान यांनी कुत्र्यांचे यकृत पूर्ण काढून दाखवले की पिवळे रंगद्रव्य यकृताशिवायही तयार होत राहते. काविळीच्या तीन दारांची आजची मांडणी अशाच कामांवर उभी आहे. १९२८ मध्ये आयव्ही आणि ओल्डबर्ग यांनी पित्ताशयाला आकसायला लावणारे संप्रेरक ओळखले, त्यातही कुत्री होती. पित्तनलिका बांधली तर शरीरात काय काय होते हे शिकण्यासाठी कित्येक प्रयोगशाळांत कुत्र्यांच्याच नलिका बांधल्या गेल्या. त्या कुत्र्यांची नावे कुठे नाहीत. त्यांच्या पोटातून मिळालेली विद्या आज माणसाच्या प्रत्येक मोठ्या इस्पितळात आहे, आणि दिघीतल्या मोतीपर्यंत ती पोहोचायला तीन आठवडे उशीर होतो. हे मला सहन होत नाही, आणि हे पुस्तक मराठीत व्हावे असा मी लेखकांच्या मागे लकडा लावला त्याचे खरे कारण हेच.

आपल्याकडे प्राण्यांच्या वैद्यकाची औपचारिक सुरुवात जुनी. मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ मध्ये परळला सुरू झाले. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ अशी महाविद्यालये नंतर आली. २००० साली नागपूरला पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठ झाले. या साऱ्यांचा कणा स्वाभाविकपणे गाय, म्हैस, शेळी, कोंबडी हाच राहिला. शेतकऱ्याच्या राज्यात तो तसाच असायला हवा होता. कुत्रा बराच काळ रेबीजच्या प्रकरणापुरता. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने मानसोल्लासात शिकारी कुत्र्यांवर वेगळे प्रकरण लिहिले होते, इतका हा प्राणी आपल्या राजांच्या आणि धनगरांच्या बरोबर होता. पण त्याच्या म्हातारपणाच्या आजारांकडे पाहण्याची वेळ कुणावर फारशी आली नाही, कारण तो म्हातारा होईपर्यंत जगतच नसे.

कुत्र्यालाही कर्करोग होतो हे महाराष्ट्रातल्या सामान्य माणसाला ज्याच्यामुळे कळले तो पुण्यात शिकलेला एक लॅब्रॅडॉर. मुंबई पोलिसांचा जंजीर. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब शोधून दिले. नोव्हेंबर २००० मध्ये तो हाडाच्या कर्करोगाने गेला, जेमतेम आठ वर्षांचा. आतड्याचा नव्हे, हाडाचा; पण त्या आठवड्यात आमच्याकडे येणारी माणसे आपल्या कुत्र्याच्या अंगावरची प्रत्येक गाठ चाचपून दाखवत होती.

या विषयात मते अनेक आहेत, आणि नवख्या वाचकाने ती आधी समजून घेतली तर पुढची पाने सोपी जातील. पहिला पंथ सूक्ष्मदर्शकाचा. गाठ कोणत्या पेशीची हे ठरल्याशिवाय तिच्याशी कसे वागायचे हे ठरत नाही, असे तो मानतो. आतड्याच्या स्नायूच्या गाठी म्हणून दशकानुदशके ज्यांची नोंद झाली त्यांच्याकडे १९८३ मध्ये मानवी वैद्यकात पहिल्यांदा संशयाने पाहिले गेले. १९९८ मध्ये हिरोता या जपानी संशोधकाच्या गटाने त्यांपैकी पुष्कळांत किट नावाच्या जनुकात बिघाड दाखवला. मग कुत्र्यांच्या जुन्या काचपट्ट्या कपाटांतून बाहेर निघाल्या, पुन्हा रंगवल्या गेल्या, आणि त्यांतल्याही कित्येक गाठींचे नाव बदलले. नाव बदलले म्हणजे औषध बदलले: किटला रोखणाऱ्या गोळ्या आल्या, आणि २००९ मध्ये अमेरिकेत टोसेरानिब हे खास कुत्र्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालेले पहिले औषध ठरले. ती मंजुरी त्वचेतल्या एका वेगळ्या गाठीसाठी होती, पण आतड्याच्या या गाठींतही ते वापरले जाते. आमच्याकडे मात्र अजून पुष्कळदा गाठ काढतात आणि बादलीत टाकतात. फॉर्मॅलिनच्या बरणीत चार तुकडे ठेवून प्रयोगशाळेत पाठवायला जो खर्च येतो तो ऑपरेशनच्या खर्चापुढे थोडा असतो, आणि तो वाचवला की पुढचे सारे अंदाजावर चालते. या बाबतीत मी लेखकांपेक्षाही कडक आहे.

दुसरा पंथ शस्त्रक्रियेचा, आणि त्याच्यातच भांडण आहे. म्यूकोसील दिसले की पित्ताशय लगेच काढावे, की कुत्रा ठीक असेपर्यंत पित्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर आणि दर काही आठवड्यांच्या सोनोग्राफीवर वाट पाहावी? फुटण्याआधी काढलेल्या पित्ताशयाचे निकाल फुटल्यानंतरच्यापेक्षा खूप चांगले असतात, म्हणून लेखकांचा कल लवकर काढण्याकडे आहे. मी स्वतः, हृदयाचा त्रास असलेल्या तेरा वर्षांच्या पॉमेरेनियनच्या घरच्यांसमोर बसलो की, इतका ठाम राहू शकत नाही. अडलेल्या नळीत बारीक नळी घालून वाट मोकळी करावी की पित्ताशयच आतड्याला जोडून नवी वाट काढावी, यातही मते आहेत. नवी वाट काढणे हे कुत्र्याला फार जड जाते, एवढ्यावर मात्र बहुतेकांचे एकमत आहे.

शस्त्रक्रियेआधीच्या एका गोष्टीवर कुणाचाच वाद नाही. पित्त आतड्यात पोहोचले नाही की स्निग्ध पदार्थ शोषले जात नाहीत, आणि त्यांच्याबरोबर येणारे के जीवनसत्त्वही. के नसले की रक्त गोठत नाही. हेन्रिक डाम यांनी कोंबडीच्या पिल्लांत हे जीवनसत्त्व शोधले, त्यांना १९४३ चे नोबेल मिळाले, आणि १९३० च्या दशकाच्या अखेरीस माणसाच्या अडथळ्याच्या काविळीत ते वापरले जाऊ लागले. आजही पिवळ्या कुत्र्याला थेट टेबलावर घेतले तर सुईच्या जागेवरून रक्त वाहत राहते. शिवाय पित्तातली आम्ले आतड्यातल्या जंतूंची विषे बांधून ठेवतात. ती नसली की विषे रक्तात शिरतात आणि भुलीखाली रक्तदाब कोसळतो. मोतीला आम्ही दोन दिवस के जीवनसत्त्वाची इंजेक्शने आणि सलाईन देऊन मग पोट उघडले. रक्त नीट गोठत होते. पण यकृतावर पांढरे ठिपके पसरलेले होते, आणि गाठीच्या शेजारच्या लसीकाग्रंथी खडीसारख्या कडक लागत होत्या. यजमान बाहेर बाकावर बसले होते. मी हातमोजे काढून त्यांच्याकडे गेलो. त्यांनी त्याला भुलीतून जागे करू नका असे सांगितले.

तिसरा पंथ औषधांचा. लिम्फोमा हा तिथला मुख्य विषय. मोठ्या पेशींचा आतड्याचा लिम्फोमा चार औषधांच्या आळीपाळीच्या उपचारालाही फार काळ दाद देत नाही. लहान पेशींचा मात्र गोळ्यांवर पुष्कळदा वर्षाहून अधिक काळ शांत राहतो. दोन्हींची सोनोग्राफी सारखी दिसू शकते, फरक तुकडा तपासल्यावर कळतो. आणि इथेच आमच्या रोजच्या कामातली सर्वांत मोठी चूक घडते. ओकणाऱ्या, वाळत चाललेल्या कुत्र्याला निदानाआधी स्टिरॉइड दिले जाते. कुत्रा दुसऱ्या दिवशी भाकरी खातो, घरचे खूश, डॉक्टर खूश. त्या दोन आठवड्यांत लिम्फोमाच्या पेशी इतक्या दबतात की तुकड्यात काही सापडत नाही, आणि पुढे खरा उपचार सुरू केला तर तो आधीसारखा लागू पडत नाही. शिवाय स्टिरॉइडमुळे कुत्र्याच्या रक्तात अल्कलाइन फॉस्फेटेज वाढते, म्हणजे यकृत आणि पित्ताच्या रिपोर्टचाही गोंधळ. तुकडा घेण्याआधी स्टिरॉइड नको. लेखकांनी हे वाक्य तीन ठिकाणी लिहिले आहे. मी संपादनात एकही काढू दिले नाही.

चौथा मार्ग पंथ म्हणून कुणी मोजत नाही, पण बहुसंख्य कुत्री त्याच वाटेने जातात: काही न करता त्रास कमी ठेवणे, आणि वेळ आली की शांतपणे निरोप देणे. पैसे नसणे हेही त्यामागचे कारण असते. पाळीत काम करणाऱ्या माणसाचा महिन्याचा पगार आणि मोठ्या ऑपरेशनचे बिल यांची तुलना मला रोज ऐकावी लागते, आणि "नको डॉक्टर" म्हणणारा माणूस कमी प्रेम करतो असे मी कधी मानले नाही. लेखकांनी या मार्गाला पूर्ण प्रकरण दिले याचा मला आनंद आहे. मळमळ कशी थांबवावी, घरी खायला काय द्यावे, वेदना आहेत हे कुत्र्याच्या झोपण्यावरून कसे ओळखावे, हे सारे त्यात आहे.

आत्ताच हे पुस्तक का? दिघी १९९७ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेत आली तेव्हा इथली कुत्री गोठ्यावर, खळ्यावर, मॅगझिनच्या रस्त्यावर आणि लष्करी वसाहतींच्या फाटकाशी असत. डिस्टेंपर, पार्व्हो, गाडीखाली येणे, यांतून वाचले ते सात-आठ वर्षे जगत. आता भोसरी, चऱ्होली, मोशीच्या सोसायट्यांत, सहाव्या मजल्यावर, वेळेवर लस घेतलेले, गाडीतून फिरणारे कुत्रे बारा-चौदा वर्षांचे होतात. हे चांगलेच झाले. पण म्हातारपणाबरोबर म्हातारपणाचे आजार येतात, आणि गाठ हा त्यांतला मोठा. सोनोग्राफी मशीन आता मोठ्या दवाखान्यांत आहेत, पित्तनलिका साधारण ३ मिलिमीटरपेक्षा रुंद झाली तर ती पाहू शकणारे तरुण डॉक्टर आहेत, २०२४ पासून मुंबईत महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे प्राण्यांचे मोठे रुग्णालय आहे. हाताशी साधने आली आहेत. घरातली माणसे जे पाहतात ते आम्हाला सांगायला आणि आम्हाला ते ऐकायला मात्र दोघांनाही समजेल अशी भाषा लागते. इंग्रजीतला रिपोर्ट, हिंदीतला यूट्यूब आणि मराठीतली काळजी यांच्यामध्ये कुत्रा पिवळा होत राहतो.

लेखक दोघे आहेत. एक शस्त्रक्रिया करणारे, दुसऱ्या सोनोग्राफी करणाऱ्या. दोघेही माझ्याहून वीस वर्षांनी लहान, आणि पुष्कळ बाबतींत अधिक जाणते. त्यांनी पुस्तक रोगांच्या यादीने लावले नाही, घरात दिसणाऱ्या लक्षणांपासून लावले आहे: उलटी, वाळणे, काळी शी, पिवळा रंग, फुगलेले पोट. प्रत्येक वाटेने वाचक पुढे पेशीपर्यंत जातो, आणि जिथे त्याला थांबायचे असेल तिथे थांबू शकतो. पाळणाऱ्यांसाठी लिहिलेली आणि पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली पाने त्यांनी वेगळी काढली नाहीत. मला आधी हे पटले नव्हते. हस्तलिखित वाचल्यावर पटले, कारण विद्यार्थ्यालाही शेवटी फडके घेऊन आलेल्या माणसाशीच बोलायचे असते. उणिवा आहेत. मांजरांना जेमतेम जागा मिळाली आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांत हे आजार कसे दिसतात यावर अधिक हवे होते. किरणोपचार आटोपता घेतला आहे. ही कामे पुढच्या आवृत्तीची.

एक गोष्ट मात्र मी मुद्दाम केली. छपाईआधी काविळीचे प्रकरण मी त्या काकूंकडे वाचायला नेऊन दिले. आता त्यांच्याकडे दुसरा कुत्रा आहे, मोशीच्या रस्त्यावर सापडलेला, आणि दर रविवारी गॅलरीतल्या उन्हात त्याचा ओठ उचलून पाहणे हा घरातल्या नातीचा उद्योग. चार दिवसांनी पाने परत आली. काकूंनी एकाच ठिकाणी पेन्सिलने खूण केली होती. लेखकांनी तिथे 'मृत्तिकावर्णी मल' असे लिहिले होते. समासात, शाळेतल्या सुबक अक्षरात, काकूंचे शब्द होते: "असं कोण म्हणतं? गणपतीच्या मातीसारखी शी लिहा." आता पुस्तकात तसेच छापले आहे.